तीन हात वार्निश

५ फेब्रुवारी

मामा,

आधी वाकून नमस्कार, मग कबुली. वाचून झाल्यावर ओरडायचं असेल तर मामीवर ओरडू नका, तिला यातलं काही माहीत नाही.

दुकान सुरू होऊन तीन आठवडे झाले. फुलांचं दुकान म्हटल्यावर विमा कंपनीतले माझे जुने सहकारी हसले होते, आणि आई तर अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण मामा, सकाळी शटर वर केलं की आतून जो वास येतो ना, त्यासाठी मी ती नोकरी पुन्हा एकदा सोडेन. दहा बाय बाराची खोली आहे. पूर्वी इथे मोबाइल दुरुस्ती चालायची. रस्त्याकडे मोठी काच, आत अकरा बादल्या, आणि एक एल आकाराचा काउंटर.

कबुली त्या काउंटरची आहे. स्टेशनरीचं एक दुकान बंद होत होतं, तिथून मी तो आणि चार रॅक उचलले. पांढरे, चकचकीत. लॅमिनेट केलेला पार्टिकल बोर्ड. हो, तोच. तुम्ही ज्याचं नाव घरात घेऊ देत नाही, तो.

आता इथे दिवसभर पाणी. देठ कापा, बादल्या भरा, ओल्या जुड्या काउंटरवर ठेवा. काउंटरची खालची कड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली आहे. बोट लावलं की भुसा गळतो.

जागेच्या मालकीणबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. जागा त्यांनी तीन महिने बघण्यापुरती दिलीय. पंधरा एप्रिलला येऊन पक्का करार करायचा की नाही ते ठरवणार. सोमवारी सहज म्हणून आल्या, चष्मा वर करून ती कड बघितली आणि म्हणाल्या, "फुलं छान आहेत तुझी. पण ही ओल उद्या माझ्या भिंतीत उतरली, तर मला हे दुकान नको."

तर मामा, वार्निश मारून हे वाचेल का? कुठलं, कसं, किती? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून हे पत्र.

तुमची,
भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत. बाकी जे मागितलंस ते मिळणार नाही.

अडतीस वर्षं मी लाकडाला पॉलिश केलं. करवतीच्या आवाजाने कान गेले, त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण बोटांना सगळं ऐकू यायचं. लाकूड कुठे तहानलेलं आहे, कुठे तेलकट आहे, कुठे रागावलंय, सगळं. आणि तू मला भुशाबद्दल विचारतेस! भुसा, गोंद आणि वर लाकडाचा फोटो. माणूस गेल्यावर भिंतीवर फोटो लावतात, तसा.

आमचा कारखाना कशाने बंद पडला ते तुला ठाऊक आहे. लोकांना महिन्यात घर सजवून हवं होतं, आणि ही फळी ट्रकमधून तयार होऊन यायची. आता तिच्याच अंगावरून मी ब्रश फिरवू? फेकून दे. एक साधी लाकडी फळी आण, मग पुढचं सगळं मी सांगतो.

या विषयावर हे माझं शेवटचं पत्र.

मामा

ता. क. फुगलंय ते कडेकडून, की स्क्रूच्या भोकांपासून? नुसतं विचारतोय.


२० फेब्रुवारी

मामा,

कडेकडूनही आणि भोकांपासूनही. तुम्ही विचारलंत म्हणून खाली वाकून बघितलं. मधल्या सपाट भागाला काहीही झालेलं नाही.

राग आला होता, म्हणून पाच दिवस लिहिलं नाही. लाकडाच्या फळ्या घेणं मला आत्ता झेपणार नाही, आणि झेपलं असतं तरी मी हे टाकलं नसतं. पहिल्यांदा स्वतःचं म्हणून काहीतरी उभं केलंय, मामा. तो काउंटर मी आणि शेजारच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी मिळून हातगाडीवरून आणलाय. भुशाचा असेल, पण माझा आहे.

तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून मीच एक डबा आणला. रंगाच्या दुकानदाराने विचारलं, "वास चालेल का?" फुलांच्या दुकानात वास कसा चालेल? तेव्हा त्याने पाण्यातलं वार्निश दिलं. मी सगळीकडे फासलं, एकाच दिवसात, चांगलं जाड. सपाट भागावरचं तिसऱ्या दिवशी उन्हात सोललेल्या कातडीसारखं निघून आलं. एका टोकाला धरून ओढलं तर हातभर लांब साल सोलली गेली. आणि उघड्या कडेने त्या वार्निशमधलंच पाणी पिऊन घेतलं आणि आणखी फुगली. म्हणजे ज्याच्यापासून वाचवायचं तेच मी ब्रशने पाजलं.

तुम्ही हसत असाल. हसा. तुम्ही सांगणार नसाल तर मी चुकत चुकत शिकेन. पण शिकेन.

भिंगरी


२६ फेब्रुवारी

अगं माझे बाई,

तुझ्या मामांना न सांगता लिहितेय. ते फर्निचरवाल्यांच्या गल्लीत गेलेत. का गेलेत ते पुढे वाच.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी ते जेवले नाहीत नीट. तुला रागाचं उत्तर लिहून टपालपेटीत टाकून आले, आणि येताना हातात काय? पार्टिकल बोर्डाचे सात तुकडे. दुकानाच्या मागे टाकलेले, उचलून आणलेले. आता माझी धुण्याची परात त्यांनी बळकावली आहे. परातीत बोटभर पाणी, पाण्यात उभे सात तुकडे, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. एकाला काहीच नाही, एकाला नुसतं लॅमिनेट, एकाला वार्निशचा एक हात, एकाला तीन हात, असं काहीबाही. सकाळी सहाला उठून पट्टीने जाडी मोजतात आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवतात. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "काही नाही, सहज."

कारखाना बंद झाल्यापासून दोन वर्षं हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होता. समोरच्या भिंतीचा रंग कसा चुकलाय ते रोज सांगायचा, तेवढंच बोलणं. आता मला परात नाही, पण घरात माणूस आहे.

तुझं दुसरं पत्र वाचून मात्र खूप हसले. मग म्हणाले, "पोरीने साल हातभर लांब काढली म्हणजे ब्रश सरळ फिरवला असणार."

यातलं काही तुला माहीत आहे असं दाखवू नकोस. बाकी जे काही आहे ते त्यांचं त्यांना वाटेल तेव्हा सांगतील.

तुझी मामी


९ मार्च

भिंगरे,

माझ्या ओळखीत एक जण आहे. त्याला असल्या उचापती करायची हौस आहे. त्याने काही गोष्टी करून पाहिल्या, त्या तुझ्या कानावर घालतो. माझा यात काही संबंध नाही.

तो म्हणतो, लॅमिनेट पाणी पीत नाही, भुसा पितो. म्हणून जिथे जिथे भुसा उघडा आहे तिथे आधी जा. कडा, स्क्रूची भोकं, काउंटरचा तळ, भिंतीकडची पाठ. पण आधी वाळव. ओल आत ठेवून वर वार्निश मारलंस तर चोराला घरात कोंडून कुलूप लावल्यासारखं होईल. फुगलेल्या फळ्या सुट्या कर, विटांवर आडव्या ठेव, वारा लागू दे. निदान आठ दिवस. मधूनमधून त्यांच्याकडे बघू नकोस, बघितल्याने वाळत नाही.

एकदा फुगलेला भुसा परत बसत नाही. जो हाताने चुरतो तो पटाशीने काढून टाक, माया करू नकोस. खड्डा राहील, त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भर. लांबी वाळली की काचपेपरने सपाट कर. डोळे मिटून बोट फिरव. बोट अडखळलं नाही म्हणजे झालं.

लॅमिनेटवरचं तुझं वार्निश का निघालं? कारण काचेवर उभं राहायला त्याला जागाच नव्हती. कडेजवळचा चारेक बोटं भाग बारीक काचपेपरने घास, दोनशेवीस नंबर. चकाकी मेली पाहिजे, लॅमिनेटचा कागद फाटता कामा नये. मग टर्पेंटाइनच्या फडक्याने पूस.

वार्निश तेलातलं घे, पॉलियुरेथेनचं. वास येईल, येऊ दे. फुलं बाहेर ठेव, काच उघड, तोंडाला मास्क बांध, आसपास शेगडी नको. पहिला हात पातळ. तीन भाग वार्निशला एक भाग टर्पेंटाइन. उघडी कड तो पिऊन टाकेल, तुला वाटेल लावलंच नाही. लागलंय. एक दिवस थांब. तीनशेवीसच्या कागदाने हलकं घास, पूस, दुसरा हात. पुन्हा एक दिवस, पुन्हा घास, तिसरा हात. कडेला चौथा दिलास तर तो ओळखीचा माणूस खूश होईल. घाई केलीस तर चिकट राहील, आणि मग सगळं खरवडून पहिल्यापासून. वार्निशची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस, ती आपोआप तापतात, पेट घेतात. बाहेर पसरून वाळव.

शेवटच्या हातानंतर आठवडाभर पाण्याचा थेंबही नको. आणि एक लक्षात ठेव, वार्निश म्हणजे जादू नव्हे. शिंतोडे सोसेल, ओघळ सोसेल. डबक्यात उभी केलीस तर ही फळी आज ना उद्या हरेल. खाली रबराचे पाय लाव, जोडांत सिलिकॉन भर.

एवढं तो माणूस म्हणाला. मी फक्त लिहून काढलं.

मामा


३० मार्च

मामा,

तुमच्या त्या ओळखीच्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार सांगा. शहाणा माणूस आहे. स्वभाव थोडा तिरसट वाटतो.

झालं! तीन हात सगळीकडे, कडांना चार.

सगळ्या फळ्या सुट्या केल्या आणि सतरा दिवस दुकान फुटपाथवर मांडलं. अकरा बादल्या ओळीने, मी स्टुलावर, गल्ल्याचा डबा मांडीवर. गंमत म्हणजे रोजच्यापेक्षा जास्त फुलं खपली. चष्म्याच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "तू आत जाऊच नकोस आता." आत फळ्या विटांवर झोपलेल्या. बघू नको म्हणालात तरी बघत होते.

पटाशी चालवताना पहिल्यांदा जीव खालीवर झाला. मग लक्षात आलं, सडलेलं काढायला बरं वाटतं. लांबी मी दोनदा भरली, पहिल्यांदा बोट अडखळलं.

आणि एक चूक केली, ती लपवत नाही. दुसऱ्या हाताच्या वेळी आभाळ आलं होतं, हवा दमट. वार्निश दुसऱ्या दिवशी वरून कोरडं वाटलं, म्हणून मी तिसरा हात सुरू केला. दोन फुटांवर ब्रश ओढला जायला लागला, खालचा थर सुरकुतला. बसून रडले, दहाच मिनिटं. मग ती फळी खरवडून पहिल्यापासून केली. तेवढ्यासाठी पाच दिवस गेले.

पण मामा, आता ती कड तुम्ही बघायला हवी. थोडी पिवळट झालीय, पांढरी राहिली नाही. पण बोट फिरवलं की काचेच्या बरणीच्या गळ्यावरून फिरवल्यासारखं वाटतं. मी दिवसातून दहा वेळा फिरवते. गिऱ्हाइकांना वाटतं मी धूळ पुसतेय.

पंधरा तारखेला मालकीणबाई येणार. तुम्ही याल का? एकदा तुमच्या बोटांनी तपासलंत की मग जगातल्या कुठल्याही मुख्याध्यापिकेला मी घाबरणार नाही.

भिंगरी


५ एप्रिल

भिंगरे,

सुरकुतलेली फळी पुन्हा पहिल्यापासून केलीस, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि मामीला वाचून दाखवलं. मग शेजाऱ्यांना. शेजाऱ्यांना वार्निशमधलं काही कळत नाही, तरी दाखवलं.

माझा तीन हातांचा चार नंबरचा तुकडा परातीत नऊ दिवस उभा होता. सातव्या दिवशी एका कोपऱ्यात केसभर उचलला, बस. बिनवार्निशचा पहिल्याच दिवशी दीडपट झाला होता. आता "माझा" असं लिहून गेलोच आहे तर खोडत नाही. तो ओळखीचा माणूस मीच. तुला मामीने केव्हाच सांगितलं असणार, ती परातीवरून माझ्यावर खार खाऊन आहे.

पण एक तिनेही सांगितलेलं नसेल. पहिल्या पत्रात मी फळीवर राग काढला. राग खराच होता, पण कारण वेगळं होतं. माझा उजवा हात वर्षभरापासून थरथरतो. चहाचा कप बशीत वाजतो. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, सोबत राहील. तू वार्निशबद्दल विचारलंस तेव्हा मला पहिलं हेच वाटलं, की ही बोलावेल, जावं लागेल, आणि हिच्यासमोर ब्रश हलेल. परातीतल्या सात तुकड्यांना ब्रश लावायला मला दोन्ही हात लागले. म्हणून भुशाला शिव्या घातल्या. तो बिचारा काय उलट बोलणार?

म्हणून मी येणार नाही. तू मुख्याध्यापिकेला एकटी पुरेशी आहेस.

मामा


१६ एप्रिल

मामा,

आधी हाताबद्दल. तुम्ही लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. पहिल्या पत्रावरून मला वाटलं होतं की मी भुशाचं फर्निचर घेतलं म्हणून तुम्हाला माझी लाज वाटते. किती उलटं वाचलं मी. आता कालचं ऐका.

बाई बरोबर दहाला आल्या. छत्री, पिशवी, चष्मा. काउंटरची कड बघितली. खाली वाकल्या, त्या वयात गुडघ्यावर बसल्या, तळ बघितला. मग म्हणाल्या, "पाणी आण पेलाभर."

मला वाटलं तहान लागली. त्यांनी तो पेला सगळाच्या सगळा काउंटरच्या कडेवर ओतला! थेट जोडावर. आणि स्टूल ओढून वर्तमानपत्र उघडून बसल्या.

मी म्हटलं, "पुसू का?"

"मी एकतीस वर्षं गणित शिकवलं," त्या म्हणाल्या. "पडताळा घेतल्याशिवाय उत्तराला गुण देत नाही. तू तुझी फुलं विक."

एक तास, मामा. मी देठ कापत होते आणि बोटं कापायची तेवढी बाकी होती. अकरा वाजता त्यांनी स्वतःच्या रुमालाने पाणी टिपलं आणि कड बोटांनी चाचपली, एकदा अशी, एकदा तशी. मग पिशवीतून कागद काढला. करार घरून लिहूनच आणला होता. पाच वर्षांचा!

सही झाल्यावर विचारलं, "कोणाकडून करून घेतलंस?"

"मीच केलं."

"शिकवलं कोणी?"

"माझ्या मामांनी. पत्रांतून."

त्यांनी पत्रं मागितली. मी नऊ मार्चचं दिलं. उभ्याउभ्या वाचलं, चोराला कोंडायच्या ओळीला हसल्या. म्हणाल्या, "असं लिहिणारा माणूस शाळेत कसा नव्हता?" आणि मग मुद्द्यावर आल्या. त्यांच्या जुन्या शाळेत रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आहे. सिंकखाली चौदा कपाटं, सगळी याच बोर्डाची, सगळी फुगायला लागलेली. मेमध्ये सुट्टी असते. हस्तकलेचे शिक्षक आणि दोन कर्मचारी शिकायला तयार आहेत. त्यांना तुम्ही हवे आहात.

मी हाताचं सांगितलं. रागावू नका. त्या म्हणाल्या, "मला रंगारी नकोय, मास्तर हवाय."

मामीशी मी बोलले आहे. तिला परात परत हवी आहे. आता तुम्हीच काय ते ठरवा.

भिंगरी


२० एप्रिल

भिंगरे,

दोन तारखेच्या गाडीने येतो. काचपेपर तिथला घेऊ नका, मी आणतो.

मामा


२८ मे

अगं,

तुझ्या डब्यातल्या गोळ्या वेळेवर घेतो आहे, ते आधी लिहितो, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील.

आज चौदावं कपाट झालं. पहिल्या दिवशी मी तिघांना सरळ सांगून टाकलं, "मला ऐकू येत नाही आणि माझा हात हलतो. तेव्हा प्रश्न फळ्यावर लिहायचे आणि ब्रश तुम्ही धरायचा." हस्तकलेचे मास्तर लगेच खडू घेऊन उभे राहिले. शिपाईण बाई सगळ्यात हुशार. तिचा ब्रश एकदाही मागे जात नाही, एका ओढीत कड पार. माळीबुवा जाड लावायचे, त्यांना मी दुसरा हात तीनदा खरवडायला लावला. चौथ्यांदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, "आता तरी?" मी खाली "आता बरोबर" लिहिलं, तर त्यांनी ते पुसूच दिलं नाही. अजून तसंच आहे.

हात हलतो. पण कुणी त्याकडे बघत नाही, सगळे कडेकडे बघतात.

आता आपल्या पोरीचं. संध्याकाळी दुकानात जाऊन बसतो. तिने काउंटर कसा केलाय म्हणून काय सांगू! मी कारखान्यात असतो तर शेरा मारायला जागा शोधावी लागली असती. काल मी तशी ती शोधलीच. ती गिऱ्हाइकात होती, म्हणून मी सवयीने खालच्या फळीखाली हात घातला. मागच्या कोपऱ्यात बोटाला लागलं. वार्निशचा एक थेंब, ओघळून वाळलेला, तांदळाच्या दाण्याएवढा. जमिनीवर आडवं पडल्याशिवाय दिसणार नाही असा. मनात म्हटलं, सांगायचं नाही. पोरगी आनंदात आहे, राहू दे.

तिने माझ्याकडे न बघताच पाटीवर खडूने लिहिलं आणि पाटी माझ्यासमोर धरली. "सापडला ना? मला माहीत आहे तो. रविवारी घासून परत हात मारणार आहे."

मी म्हटलं, "अगं, कुणाला दिसतोय?"

"मला माहीत आहे ना," असं म्हणाली असावी. ओठांवरून तरी तसंच वाटलं. आणि गुलाबांचे काटे काढायला लागली.

मग मला तिथे बसवेना. बाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. एक गृहस्थ पिशवी घेऊन घाईघाईने चालले होते. त्यांची काही ओळख नाही, देख नाही. मी त्यांना अडवलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं, "ते दुकान दिसतंय ना, ते माझ्या भाचीचं आहे. काउंटर तिने स्वतः केलाय."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दुकानाकडे. मग आत गेले आणि निशिगंधाची एक जुडी घेऊनच बाहेर आले.

परवा निघतो.

तुझा,
अहो